एक जूनला जन्मलेले दोघे

गेल्या अंकात सोनेतारणावर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी सिबिलवर. आधी एक सांगते. वनस्पती तुपाला जसं आपण सरसकट डालडा म्हणायला लागलो, तसं सिबिलचं झालंय. सिबिल हे कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या एका कंपनीचं नाव. आपल्या देशात असल्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडे तुमची वेगवेगळी वही असते, तिचा उतारा म्हणजे रिपोर्ट आणि तिच्यावरून काढलेला तुमच्या पतीचा आकडा म्हणजे स्कोअर, आणि चारही वह्यांत एकच मजकूर असेल याची खात्री नाही. खालच्या उत्तरांत हे ध्यानात ठेवा.

*

ताई, सप्रेम नमस्कार. मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. २२ वर्षं नोकरी झाली. पगारातून कापून जाणारं एक कर्ज सोडलं तर डोक्यावर देणं नाही. घराच्या वरच्या मजल्यासाठी बँकेत अर्ज केला. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावून सांगितलं, "गुरुजी, ट्रॅक्टरचं तेवढं मिटवा, मग बघू." मला ट्रॅक्टर चालवताही येत नाही. रिपोर्ट काढला तर माझ्या नावावर ४,८०,००० रुपयांचं ट्रॅक्टर कर्ज, १,१२,६४० थकीत, स्कोअर ५६१. पत्त्यांच्या रकान्यात माझ्या पत्त्याखाली यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. मी आयुष्यात यवतमाळला गेलेलो नाही. बायको म्हणते, "काय असेल ते खरं सांगा." काय करू? सिबिलवर केस टाकू का? रिपोर्टाची प्रत सोबत जोडली आहे.
एक शिक्षक, बार्शी

गुरुजी, आधी घरचं मिटवू. हे उत्तर वहिनींना वाचायला द्या. ट्रॅक्टर तुमचा नाही, हे मी रिपोर्ट पाहूनच सांगते.

पहिल्या पानावर तुमची जन्मतारीख आहे ०१-०६-१९७४. आता तुम्हीच सांगा, तुमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात १ जूनला जन्मलेली किती पोरं सापडतील? आमच्या पिढीत आई पोराला हाताला धरून शाळेत न्यायची, गुरुजी विचारायचे "जन्म कधीचा?", आई सांगायची "लई पाऊस झाला त्या साली", आणि गुरुजी लिहायचे १ जून. माझ्या थोरल्या भावाचा जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. कागदोपत्री तोही १ जूनचाच. निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्माला आलाय म्हणा ना.

त्यात तुमचं नाव आणि आडनाव. छापत नाही, पण आपल्याकडे या नावाची माणसं दर तालुक्याला डझनभर निघतील. तुमच्या पगारातल्या कर्जाच्या नोंदीत वडिलांचं नाव पूर्ण आहे. ट्रॅक्टरच्या नोंदीत मधल्या नावाचं नुसतं एक अक्षर आहे, आणि तुमच्या दुर्दैवाने ते अक्षर तुमच्या वडिलांच्याही नावाचं आहे. कंपनीकडे बँकेची कर्जांची फाइल येते तेव्हा कुणी माणूस ती वाचत बसत नाही. यंत्र नाव, जन्मतारीख, पॅन, फोन, पत्ता असं एकेक ताडून बघतं आणि पुरेसं जुळलं की दोन नोंदी एका माणसाच्या खात्यावर टाकतं. पॅन असता तर तिथेच अडलं असतं, कारण पॅन दोघांचा एक असूच शकत नाही. पण ट्रॅक्टरवाल्या नोंदीत पॅन कोरा आहे. शेतीच्या कर्जांना अनेकदा पॅनऐवजी फॉर्म ६०, म्हणजे पॅन नसल्याचं निवेदन, घेतला जायचा. तसंच झालं असणार.

आता फोन नंबरांचा रकाना बघा. तुमच्या मोबाइलखाली एक लँडलाइन नंबर आहे. तो बघितला आणि मला माझंच अक्षर ओळखीचं वाटलं.

मी ३३ वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची दहा कर्ज विभागात. २०१५ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेचं फर्मान आलं: प्रत्येक बँकेने तीन महिन्यांत चारही कंपन्यांचं सभासद व्हायचं आणि माहिती द्यायची, जुन्या कर्जांचीसुद्धा. आमच्याकडे तोवर जुनी कर्जं खतावणीत. काहींचे अर्ज माळ्यावर पोत्यांत, त्यांना वाळवी लागलेली. रात्री आठ-आठपर्यंत थांबून आम्ही चौघीजणी ते संगणकात भरत होतो. मोबाइलचा रकाना कोरा ठेवला की फाइल परत यायची. ज्या माणसाने १९९८ साली म्हशीसाठी कर्ज घेतलं, त्याचा मोबाइल नंबर आणायचा कुठून? मग कुणीतरी युक्ती काढली, शाखेचाच फोन नंबर टाका. मीही टाकला. किती जणांच्या नावापुढे टाकला ते आज सांगता येणार नाही. जन्मतारीख नसेल तर अर्जावरच्या वयातून साल काढायचं आणि दिवस-महिना? बरोबर ओळखलंत. १ जून.

त्या वेळी आम्हाला वाटत होतं, आपण एक कटकटीचं काम उरकतोय. आपण कुणाची तरी पत लिहितोय असं डोक्यातही आलं नाही.

तेव्हा तुमच्या रिपोर्टातला तो लँडलाइन बहुतेक त्या शाखेचा असणार. फोन करून बघा, कोण उचलतं ते. आणि यात एक गंमत आहे, तुम्हाला हसू येणार नाही तरी सांगते. थकबाकी या कंपन्यांना कळवली की कर्जदाराला एसएमएस किंवा ईमेल गेला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑक्टोबरात सांगितलं. पण तो जाणार बँकेच्या दप्तरी असलेल्या नंबरावर. लँडलाइनवर एसएमएस पाठवून कोण वाचणार?

आता कामाचं. केस-बिस टाकू नका. कंपनी स्वतः तुमच्या रिपोर्टातला एक आकडाही बदलू शकत नाही. ज्या बँकेने नोंद पाठवली तिने "हो, चुकली" म्हटल्याशिवाय ती हलत नाही. म्हणून अर्ज दोन्हीकडे एकाच दिवशी जायला हवा. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे, फी नाही. तिथे रिपोर्टावरचा कंट्रोल नंबर लागेल, तो पहिल्याच पानावर आहे. "हे खातं माझं नाही" हा पर्याय निवडा. स्कोअर चुकला म्हणून तक्रार करू नका. स्कोअर हा परिणाम, रोग खात्यात आहे.

बँकेला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, शाखेला आणि मुख्य कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. लांबलचक लिहू नका. शिक्षक मंडळी लांब लिहितात, माफ करा. एवढं पुरे:

"रिपोर्टातील अमुक क्रमांकाचे ट्रॅक्टर कर्ज माझे नाही. आपल्या कोणत्याही शाखेत माझे खाते नाही. माझ्या वडिलांचे पूर्ण नाव, माझा पॅन आणि पत्ता सोबत जोडला आहे. आपल्याकडील कर्ज अर्ज, करारनामा आणि कर्जदाराच्या फोटोशी हा तपशील ताडून पाहावा, नोंद माझ्या नावावरून काढण्यासाठी चारही कंपन्यांना कळवावे आणि हे कर्ज माझे नसल्याचे पत्र मला द्यावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते पत्र हातात आलं की रिपोर्ट दुरुस्त व्हायच्या आधीही तुमच्या बँकेच्या साहेबांपुढे ठेवता येतं. समजूतदार साहेब असेल तर तेवढ्यावर प्रकरण पुढे सरकवतो.

मुदत ३० दिवसांची. त्यात बँकेला २१ दिवस आणि उरलेले कंपनीला. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा की ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुमच्या बँक खात्यात जमा व्हायला हवी, ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने द्यायची. मागणी फेटाळली तर कारण कळवणं त्यांना बंधनकारक आहे. महिन्यात उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्यात. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडला सेक्टर १७ मध्ये रिझर्व्ह बँकेचं केंद्र आहे, तिथे साध्या पोस्टाने तक्रार चालते. वकील लागत नाही.

आणि बाकीच्या तीन कंपन्यांचेही रिपोर्ट काढा. वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येकीने फुकट द्यायचा, २०१७ पासूनचा नियम आहे. एका वहीत ट्रॅक्टर आहे म्हणजे दुसरीतही असू शकतो.

यवतमाळकडच्या त्या माणसाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तोही कागदावर १ जूनला जन्मलेला. त्याचा ट्रॅक्टर तुमच्या वहीत आला, मग तुमच्या नियमित हप्त्यांचं पुण्य त्याच्या वहीत गेलंय का? तसं असेल तर तो बिचारा तक्रार करणार नाही.

*

मॅडम, मी इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्तीचं काम करतो. २०१८ ला दुचाकी कर्जाने घेतली, २०२१ ला सगळे हप्ते फेडले. आता घरासाठी गेलो तर रिपोर्टात ते कर्ज अजून चालू दाखवतंय, थकबाकी ३४० रुपये. फायनान्सवाले फोन उचलत नाहीत, कुणी म्हणतं ३४० भरून टाका आणि मोकळे व्हा. भरू का?
एक कारागीर, इचलकरंजी

भरू नका. निदान असे गुपचूप भरू नका. आज भरले तर नोंद अशी होईल की तुम्ही साडेतीनशे रुपयांसाठी कित्येक वर्षं थकवलं आणि आज भरलं. खातं बंद होईल, पण रिपोर्टात दर महिन्याचा एक चौकोन असतो, त्या मागच्या ३६ महिन्यांच्या चौकोनांत उशिराचे दिवस तसेच राहतील, आणि बँकेचा माणूस स्कोअरनंतर तेच चौकोन बघतो. आधी विचारा, हे ३४० कसले? हप्ता, दंड, की खातं बंद करताना राहिलेला काही खर्च? लेखी उतारा मागा.

तुमच्याकडे एक भक्कम साक्षीदार आहे, तुमच्या लक्षात आला नसेल. गाडीचं आरसी बघा. त्यावरचा बोजा उतरलाय का? उतरला असेल, तर त्यासाठी फायनान्स कंपनीने फॉर्म ३५ वर सही करून, नाहरकत दाखला देऊन सांगितलंय की आमचं काही येणं नाही. एकीकडे आरटीओला "येणं नाही" आणि दुसरीकडे "३४० येणं आहे", दोन्ही खरं असू शकत नाही. आरसीची झेरॉक्स, दाखल्याची झेरॉक्स आणि शेवटच्या हप्त्याचा बँक उतारा जोडून तक्रार करा. पद्धत वर गुरुजींना सांगितली तीच. मुदतही तीच.

फोन उचलत नाहीत हे बरंच झालं. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही. लिहा.

बोजा उतरवला नसेल तर मात्र आधी तेच करा, आणि त्या निमित्ताने ३४० चा हिशेब तोंडावर मागा.

असले चिल्लर आकडे कुठून येतात ते सांगते, कारण एक मी स्वतः पाहिलाय. आमच्या शाखेशेजारी एका शिंप्याचं दुकान होतं. शिलाई मशिनसाठी कर्ज घेतलेलं, १३.५ टक्क्यांनी. शेवटचे २०,००० राहिले होते, ते त्याने मार्च अखेरीला एकरकमी आणून भरले. पण काउंटरवरच्या मुलीने व्याजाचा आकडा आदल्या दिवशी काढून ठेवलेला. एका दिवसाचं व्याज राहिलं. सात रुपये चाळीस पैसे. त्याच्या हातात पावती, पासबुकावर आमच्या हाताने लिहिलेलं "कर्ज संपूर्ण फेड". संगणकात खातं उघडंच.

संगणकाला सात रुपये आणि सात लाख यांत फरक कळत नाही. ९० दिवस झाले, खातं थकीत वर्गात गेलं. दर महिन्याच्या फाइलबरोबर ते कंपन्यांकडे जात राहिलं. दोन वर्षांनी त्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि शैक्षणिक कर्जात बाप सहकर्जदार म्हणून दुसऱ्या बँकेत गेला. तिथे त्याला सांगितलं, तुम्ही थकबाकीदार आहात. तो आमच्याकडे आला तो रागावलेला नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

मी पडद्यावर आकडा बघितला आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायची लाज वाटली. आमच्या बँकेने खातं त्या मागच्याच मार्चच्या तारखेने बंद केल्याचं दुरुस्त केलं, पत्र दिलं. तरी चारही ठिकाणी नोंद सुधारायला दोन महिने गेले. तोवर प्रवेशाची तारीख होऊन गेली असती. मुलीचे मामा सहकर्जदार म्हणून उभे राहिले म्हणून निभावलं. त्यानंतर जो कुणी कर्ज फेडून जायचा त्याला मी म्हणायचे, आठ दिवसांनी चक्कर मारा आणि शिल्लक शून्य झालेला उतारा घेऊन जा. सहकारी हसायचे मला.

*

क्रेडिट कार्डाचे ९२,००० थकले होते. वसुलीवाल्याने ५०,००० वर तडजोड करून दिली, पत्रही मिळालं. आता रिपोर्टात "सेटल्ड" येतंय. एक एजन्सी ८,००० मध्ये हा शब्द काढून देतो म्हणतेय. देऊ का?
एक वाचक, ठाणे

नाही. तुमच्या रिपोर्टात चूक नाहीये. ९२ चे ५० दिले, त्याला तडजोडच म्हणतात आणि नोंद तेच सांगतेय. खऱ्या नोंदीवर हरकत घेतली तर बँक "नोंद बरोबर आहे" असं कळवेल आणि विषय संपेल. एजन्सी तुमच्या वतीने तोच फुकटचा अर्ज भरणार आणि ८,००० घेणार. वर तुमचा पॅन आणि ओटीपी तिच्या हातात, तो धोका वेगळाच.

रस्ता एकच आहे: बँकेला लिहून विचारा की उरलेली रक्कम भरली तर खातं "क्लोज्ड" म्हणून कळवाल का. हो असं लेखी आलं तर भरा, आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. तोंडी "हो" वर भरू नका. तडजोडीच्या वेळी या शब्दाचं कुणी सांगितलं नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. वसुलीवाले ते कधीच सांगत नाहीत.

*

लग्नात माझं नावही बदललं आणि आडनावही. माहेरच्या नावावर शैक्षणिक कर्ज होतं, एकही हप्ता न चुकवता फेडलं. आता नव्या नावाने कार्ड मागितलं तर म्हणतात तुमचा काही इतिहासच नाही. माझी पाच वर्षं गेली कुठे?
एक वाचक, नाशिक

तुमची पाच वर्षं जुन्या नावाच्या वहीत पडून आहेत. पॅन नवा काढला नाहीत ना? काढला असेल तर आधी तो परत करा, दोन पॅन बाळगणं बेकायदा आहे. लग्नानंतर नंबर तोच राहतो, त्यावरचं नाव फक्त दुरुस्त करून घ्यायचं. मग ज्या बँकेचं शैक्षणिक कर्ज होतं तिला विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत देऊन तुमच्या त्या खात्यात पॅन नोंदलेला आहे का ते विचारा. बरेचदा नसतो, कारण कर्ज घेताना तुम्ही १८ वर्षांच्या विद्यार्थिनी होतात आणि अर्जावर पॅन वडिलांचा होता. तुमच्या पॅनचा रकाना भरला गेला आणि पुढच्या फाइलमध्ये गेला की दोन वह्या जोडायला यंत्राला धागा मिळतो. कार्डाचा अर्ज तोवर थांबवा. दर अर्जागणिक एक चौकशी नोंदली जाते, आणि नकारावर नकार आले की त्या चौकशाच नजरेत भरायला लागतात. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढलात तर मात्र स्कोअरला धक्का लागत नाही. हे आणखी सहा जणांनी विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर.

बार्शीचे गुरुजी, त्या लँडलाइनवर कुणी फोन उचलला का ते जरूर कळवा.